देवराईतलं रान किती जुनं ते झाडांवरून ओळखता येतं का? (पाटण तालुका)

डोंगरपाटण:
नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयना खोऱ्याच्या वरच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर देवीची राई आहे, दोन अडीच एकर असेल, मधे बारमाही झरा आणि त्याच्याजवळ जुनं दगडी देऊळ. यंदा जीर्णोद्धाराचं घेतलंय. वर्गणी जास्त करून मुंबईकरांची त्यामुळं बैठकीत आवाज पण त्यांचाच, ते असो. प्लॅन असा आहे की चार मोठी झाडं ठेवायची (दोन आंबे, एक बेहडा, एक जांभूळ), बाकीची "झुडपं" जेसीबीनं साफ, मग पेव्हर ब्लॉक, पार्किंग, आणि बदल्यात पाचशे झाडं लावून फोटो. पाचशे म्हणजे नर्सरीत जे येईल ते, गुलमोहर, सिल्व्हर ओक, बॉटल पाम.

मी बोललो तर सगळे म्हणतात, "हितं जुनं काय हाय रं, मनगटाएवढी तर खोडं हायत." आणि बघायला गेलं तर तसंच दिसतं हो. चार झाडं सोडली तर बाकी सगळं बारीक, दाट, आत शिरायला वाट नाही, वेलींचं जाळं, खाली अंधार.

मागं एकदा वाचलं होतं की इंग्लंडमधे म्हणे जंगलात कुठली फुलझाडं उगवतात त्यावरून ते जंगल शेकडो वर्षांचं आहे की नंतर उगवलंय ते सांगतात. तसं आपल्याकडं काही आहे का? म्हणजे अमुक झाड दिसलं की समजायचं रान जुनं? ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे, तिथं नुसतं "निसर्ग वाचवा" बोलून कोणी ऐकणार नाही, काहीतरी बोट ठेवून दाखवण्यासारखं पाहिजे. जाणकारांनी मदत करा.

रानजाई_कराड:
छान विषय काढलात दादा. मी कराडला बॉटनी शिकवते, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी इंग्लंडचं. तिकडं १६०० सालापासून सलग जंगल असलेल्या जागेला प्राचीन जंगल म्हणतात, स्कॉटलंडमधे १७५०. हेच साल का, तर त्या सुमारापासून बऱ्यापैकी नकाशे मिळायला लागतात आणि त्याच्या आधी मुद्दाम झाडं लावून जंगल करायची पद्धत फारशी नव्हती, म्हणजे त्या काळी जंगल असेल तर ते बहुतेक आपोआपचंच. मग जॉर्ज पीटरकेन नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात लिंकनशायरमधे असं केलं की कागदोपत्री जुनी म्हणून माहीत असलेली जंगलं आणि नंतर शेतावर उगवलेली जंगलं शेजारी शेजारी ठेवून दोन्हीकडच्या वनस्पती ताडून बघितल्या. काही जाती फक्त जुन्या जंगलात सापडतात, नव्यात जवळजवळ नाहीतच. ब्लूबेल, वुड ॲनिमोनी, हर्ब पॅरिस वगैरे.

आता याचं कारण महत्त्वाचं आहे. ह्या वनस्पती फार हळू पसरतात. वुड ॲनिमोनीचं बी धड रुजत नाही, ती जमिनीतल्या कंदासारख्या खोडानं सरकत जाते, शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट असं तिकडं धरतात. ब्लूबेलचं बी आईच्या पायाशीच पडतं. काहींच्या बिया मुंग्या ओढून नेतात, आता मुंगी नेऊन नेऊन किती लांब नेणार. म्हणजे मधे एक शेत आलं, एकदा नांगर फिरला, की ह्या जाती गेल्या, आणि परत झाडी वाढली तरी ह्यांना परत यायला शेकडो वर्षं लागतात. मोठं झाड मात्र पन्नास साठ वर्षांत मोठं दिसायला लागतं. तुमचे दोन आंबे घ्या, आंबा म्हणजे बहुतेक कुणीतरी लावलेला किंवा वाटसरूनं बाठ टाकलेली. वड-पिंपळ-उंबर तर पक्षी कुठल्याही भिंतीवर पेरून जातात. त्यामुळं तुमची मंडळी ज्या झाडांना जुनी म्हणून ठेवणार आहेत तीच नेमकी वयाचा पुरावा म्हणून सगळ्यात कच्ची.

आपल्याकडं ब्लूबेल शोधायला जाऊ नका. आपल्या पट्ट्यातलं म्हणजे महाबळेश्वर ते कोयनेपर्यंतचं जे मूळ सदाहरित रान, त्याला अभ्यासक तीन झाडांवरून ओळखतात, अंजनी, जांभूळ आणि पिसा. त्यातली अंजनी तुम्ही नक्की बघा. पान लहान, जाड, चामड्यासारखं, समोरासमोर, वरून चकचकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्यांच्या सांध्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, अगदी फांदीला चिकटून. लाकूड लोखंडासारखं. आणि हे झाड तोडलं तरी मरत नाही, बुडख्यातून पाच सात फुटवे काढतं.

म्हणून माझं एक काम करा. तुमची ती "मनगटाएवढी खोडं" जमिनीजवळ पाला बाजूला करून बघा, ती वेगवेगळी झाडं आहेत की एकाच बुडख्यातून वर आलीत? इंग्लंडमधे वेस्टनबर्टला लिंडनचं एक झाड आहे, वर नुसत्या बारीक खोडांचा घेर दिसतो कारण दर वीसेक वर्षांनी ते छाटतात, पण मूळ एकच आणि वय सुमारे दोन हजार वर्षं मानतात. खोडाची जाडी आणि झाडाचं वय ह्याचा तिथं काही संबंध उरत नाही.

एमएच१०_सांगलीकर:
मॅडम माहिती भारी पण एक शंका. जुनं तेच चांगलं हा हट्ट कशाला? आमच्या सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर बघा. उघडाबोडका डोंगर होता, धों. म. मोहित्यांनी आणि लोकांनी मिळून झाडं लावली, १९८५ ला अभयारण्य झालं, साडेदहा चौरस किलोमीटरच्या वर आहे, आज तिथं सांबर, चितळ, मोर सगळं आहे. माणसानं लावलेलं रान म्हणून काय कमी आहे का? पाटणच्या लोकांनी पण पाचशे झाडं लावली तर वीस वर्षांत तसंच होईल की. देवळाला रस्ता पार्किंग पण लागतंच ना राव, म्हातारी माणसं कशी चढणार.

बामणोली_तात्या:
सांगलीकर, सागरेश्वराचं ब्येस काम हाय त्यात वादच न्हाई. पण तिथं बोडका डोंगर हुता म्हणून झाडं लावली. हितं हाय ती तोडून लावायची म्हंत्यात. फरक हाय का न्हाई?

आता पाटणच्या पोराला सांगतो, म्या पुस्तकातलं सांगणार न्हाई, बघितल्यालं सांगतो. आमच्याकडं जुन्या लोकांनी डोंगराला कुमरी केली. झाडं तोडायची, राब जाळायचा, नाचणी वरी टाकायची, चार पाच साल पीक घ्यायचं आन रान सोडून दुसरीकडं जायचं. मग धरण झालं, शिवसागराचं पाणी चढलं, निम्मी गावं उठली, मागं अभयारण्य आलं तसं उरल्याली पण काही उठली. म्हंजी सोडून दिल्यालं रान कसं वाढतं ह्ये आम्ही नजरंनं बघितलंय. पैल्यांदा गवत. मग रामेठा आन धायटी, मग करवंदीच्या जाळ्या, तोरण, गेळा, त्येच्यातनं कुंभा आन असाणा डोकं काढतो. कुंभ्याला वणवा लागला तरी काय होत न्हाई, त्येची साल जाड. मग हळूहळू ऐन, हिरडा, जांभळ. आता धरण होऊन साठ वर्सं झाली म्हणा, आमच्या जुन्या शेतात आज जांभळं चांगली कवळ्यात मावत न्हाईत येवढी झाल्यात, लांबनं बघितलं तर जंगलच. पण आत गेलं की कळतं. जुन्या शेताचं ताल म्हंजी बांध हायत, खाली दगडाच्या वळी लागत्यात, आन वर वेल न्हाई. गारंबी न्हाई, उंबळी न्हाई. राईत ह्ये सगळं हाय.

दुसरं म्हंजी राईत वाळल्याली फांदी सुदीक कुणी उचलत न्हाय, झाड पडलं तर तिथंच कुजतं. शेतातल्या रानात पडल्यालं झाड दोन दिसात सरपणाला जातं. त्यामुळं राईत पायाखाली मऊ लागतं, काठी घातली तर ईतभर आत जाती. त्येबी बघ.

येक अडचण मातर सांगून ठेवतो. जर कुऱ्हाड न्यायची न्हाई असा दंडक असंल तर बुडख्यातनं फुटवं येतील कशाला? त्यो पण इचार कर. आमच्या बाजूला येका काळी कोळशाच्या भट्ट्या लय लागायच्या. ठेकेदारानं देवीला नारळ फोडला, पुजाऱ्याला काय दिलं काय म्हाईत, आन राईचं निम्मं लाकूड येका हंगामात कोळसा झालं असं आमच्या शेजारच्या गावाचं ऐकल्यालं. तुमच्यात पण झालं असंल.

रानजाई_कराड:
तात्या तुमच्या ह्या एका पोस्टमधे आमचा अख्खा सिलॅबस आला. कोळशाची शंका एकदम बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या जुन्या जंगलांत पण कोळशाच्या भट्ट्यांचे सपाट गोल ओटे सापडतात. म्हणजे प्राचीन जंगल म्हणजे कधीच कुऱ्हाड न लागलेलं असं नाही. तोडलं असेल, जाळलं असेल, पण मुळं उपटून नांगर फिरवला नाही हे महत्त्वाचं. मुळं आणि माती राहते, सावली परत येते म्हणून खालचं जग टिकतं. जेसीबी लावला तर हेच तिन्ही जातं.

सांगलीकर भाऊ, हट्ट जुन्याचा नाही. सागरेश्वर पर्जन्यछायेत आहे, कोरडं पानगळीचं रान, तिथल्या हिशोबानं ते यश मोठंच आहे. पण सांबर-चितळ मोजून जैवविविधता मोजली असं होत नाही. हरीण चारा असेल तिथं राहतं. अंजनीचं रान, झाडाच्या ढोलीत घरटं करणारा धनेश, वरच्यावर फांद्यांवरून फिरणारा शेकरू, कुजक्या लाकडातले किडे आणि बुरशी, झऱ्याकाठचे नेचे, हे रोपवाटिकेत मिळत नाही. लावलेल्या पाचशे झाडांत हे सगळं उतरायला आधी जवळ कुठंतरी जुनं रान शिल्लक लागतं, जिथनं ते येईल. राई हे त्या खोऱ्याचं विरजण आहे असं समजा.

आणि म्हाताऱ्या माणसांचा मुद्दा खरा आहे, पायऱ्या आणि रेलिंग करा की, त्याला कुणाची ना नाही. गाड्या राईच्या बाहेर पडीक जागेत लावता येतील.

गटनंबर_४२:
मी महसूल खात्यातून रिटायर झालोय, झाडातलं कळत नाही पण कागदातलं सांगतो. झाडांवरून वय सांगायला गेलात तर समोरचा म्हणेल हे तुमचं मत. कागद जोडीला असला की तोंड बंद होतं.

सातबारा काढा, जागा कुणाच्या नावावर आहे बघा. देवस्थान इनाम असेल तर तसा शेरा असेल. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण आणि गट नकाशा मागवा. सातारा संस्थान १८४८ ला खालसा झालं आणि पुढं इंग्रजांनी महसुलाची मोजणी केली, त्यातल्या जुन्या नोंदीत लागवडीखालची जमीन कुठली आणि पोटखराबा (म्हणजे लागवडीलायक नसलेली) कुठला हे असतं. तुमची राई तिथं लागवडीबाहेर दिसली तर निदान दीडशे वर्षं नांगर फिरला नाही याला आधार मिळतो. इंग्लंडवाल्यांचं १६०० चं जे सांगितलं मॅडमनी तोच प्रकार, आपला नकाशा जितका मागं जाईल तितकं मागं आपण छातीठोक बोलू शकतो. जुनी टोपोशीट म्हणजे सरकारी सर्व्हेचा नकाशा पण बघा, त्यात झाडीचा हिरवा रंग असतो.

दुसरं, तोड. महाराष्ट्र वृक्षतोड नियमनाचा १९६४ चा कायदा आहे, हिरडा, जांभूळ, ऐन, आंबा, फणस अशी झाडं अनुसूचीत आहेत, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत मग जागा देवस्थानची असो नाहीतर कुणाची. झुडपं म्हणून जेसीबी लावला आणि त्यात ही निघाली तर पंचनामा होतो.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती वही कपाटात धूळ खात पडलेली असते. ग्रामसेवकाकडं मागा, तुमच्या राईची पानं त्यात भरा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. एकदा नोंद झाली की पुढच्या माणसाला "हितं काय न्हाई" म्हणता येत नाही.

डोंगरपाटण:
सगळ्यांचे आभार. रविवारी दोन चुलत भावांना घेऊन राईत जाऊन आलो. रानजाई ताई, तुम्ही सांगितलं तसं पाला बाजूला केला आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. जी पंधरा वीस वेगळी झाडं वाटत होती ती तीन बुडख्यांतून आलीत. एका बुडख्याचा घेर तर आम्ही दोघांनी हात पसरून धरला तरी पुरा होईना, वरनं शेवाळ, मधे पोकळ, पोकळीत पाला कुजून काळी माती झालीय आणि त्या मातीत नेचे उगवलेत. कडेनं नऊ खोडं वर गेलीत, सगळी मनगटापासून मांडीएवढी. पान तुम्ही म्हणालात तसंच, चामड्यासारखं, समोरासमोर. फुलं आत्ता नाहीत पण फांदीवर बारीक गाठी गाठी आहेत.

तात्या, तुमचं पण खरं निघालं. झऱ्याच्या वरल्या अंगाला एक गोल सपाट जागा आहे, लहानपणी आम्ही तिथं खेळायचो, कधी विचार नाही केला की डोंगराच्या उतारावर एवढी सपाट जागा कशी. काठीनं उकरलं तर खाली काळंभोर आणि कोळशाचे तुकडे. आजीला विचारलं तर म्हणाली भट्टी तिच्या सासऱ्याच्या वेळची.

अजून एक वेल सापडला, त्याचा फोटो जोडलाय. खोड दोरखंडासारखं, दर हातभर अंतरावर गुडघ्यासारखा फुगीर सांधा, पानं समोरासमोर मोठी गर्द हिरवी. कसला आहे? आणि झऱ्याकडच्या मोठ्या वेलाला तलवारीसारखी लांबलचक शेंग लोंबतेय, ती गारंबीच ना?

रानजाई_कराड:
शेंग गारंबीचीच. फुगीर सांध्याचा वेल उंबळी, शास्त्रीय नाव नेटम उला. दिसायला फुलझाडासारखी पानं पण हा खरा सपुष्प नाहीच, सायकस-पाईनच्या गोतावळ्यातला आहे, ह्याला फूल येत नाही, शंकूसारखं येतं आणि नंतर बोराएवढ्या केशरी बिया लोंबतात. असा वेल एवढा जाड व्हायला डोक्यावर जुनं छत्र आणि खाली ओलावा सारखा टिकलेला लागतो. माझ्या दृष्टीनं तुमच्या दोन आंब्यांपेक्षा हा एक वेल मोलाचा.

गारंबीबद्दल मात्र जरा जपून. तिचं बी टणक असतं, ओढ्याच्या पाण्यातून वाहत खाली जाऊन रुजतं, त्यामुळं ओढ्याकाठी एकटी गारंबी दिसली म्हणून जुनं रान असं म्हणता येत नाही. तसंच आमरी म्हणजे ऑर्किडचं, झाडावर आमरी दिसली की लोक खूश होतात, पण रस्त्याकडेच्या आंब्यावर पण ती छान वाढते. एका वनस्पतीवर कधीच निकाल द्यायचा नाही. खुद्द इंग्लंडमधे पश्चिमेकडच्या दमट किनारपट्टीवर ब्लूबेल उघड्या कड्यांवर उगवते, तिथं तिला जुन्या जंगलाची खूण म्हणून काही किंमत नाही, पूर्वेकडच्या कोरड्या भागात आहे. आपल्याकडं तर हे अजूनच. महाबळेश्वरला पाच सहा हजार मिलिमीटर पाऊस, माण-खटावला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. महाबळेश्वरच्या धुक्यात जे झाड रस्त्याच्या कडेला पण जगतं ते पाटणच्या पूर्वेला फक्त राईच्या झऱ्यापाशी जगेल. म्हणून एकच यादी अख्ख्या जिल्ह्याला लावता येत नाही, ती त्या त्या खोऱ्यात बनवावी लागते.

आणि ती तुम्ही बनवू शकता. पीटरकेननं जे केलं तेच. तीन जागा घ्या, राई, शेजारचं सोडलेलं शेत (तात्यांनी सांगितलेलं तालीवालं) आणि वनखात्याचं लावलेलं रान असेल तर ते. तिन्हीकडं दोरीनं दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, आत जे जे दिसेल ते गावातल्या नावानं लिहायचं. नाव माहीत नसेल तर फोटो आणि नंबर. जे तिन्हीकडं आहे ते सोडून द्या. जे फक्त राईत आहे ती तुमच्या खोऱ्याची खूण. पावसाळ्यात परत करा कारण सापकांदा, रानहळद असली कंदवाली मंडळी जूनशिवाय तोंड दाखवत नाहीत. कुठली झाडं राईत नाहीत ते पण लिहा, आणि घाणेरी, रानमोडी, गिरीपुष्प ही बाहेरून आलेली मंडळी कडेपासून किती आत शिरलीत ते पावलांनी मोजा. जुन्या दाट सावलीत ह्यांना शिरकाव मिळत नाही, जिथं छत्र फाटतं तिथनं घुसतात.

नरक्याचं झाड दिसलं तर मात्र त्याचा फोटो किंवा जागा इथं टाकू नका. त्याच्यातून कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्पटोथेसिन मिळतं, त्यापायी आपल्या पट्ट्यात त्याची बेसुमार तोड झालीय.

पठारवाला:
चर्चा राईची चाललीय म्हणून मधे बोललो नाही, पण एक गोष्ट राहून जातेय. ती "बदल्यात पाचशे झाडं" लावणार कुठं? बहुतेक गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कारण तीच जागा "मोकळी" दिसते. असं असेल तर ते पण थांबवा राव.

मी कासच्या बाजूचा. आमच्याकडं पठारावर झाड नाही कारण तिथं जांभ्याच्या कातळावर बोटभर माती आहे, जंगल तोडून पठार झालेलं नाही, ते पहिल्यापासून तसंच आहे आणि त्या उघडेपणावरच सगळं जगतं. वायतुरा बघा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्याच्या नावाचा, पश्चिम घाटाबाहेर जगात शोधून मिळत नाही, पावसाळ्यात कातळावर साचलेल्या पाण्यात येतो. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. खर्चुडीचे म्हणजे कंदीलपुष्पांचे प्रकार, कीटक खाणारी दवबिंदू. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा केलं त्यात आपल्या राज्यातलं कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहे, म्हणजे दाट रान आणि उघडं पठार दोन्ही. आणि कासजवळच घाटाईची देवराई आहे, एका बाजूला टक्कल पडल्यासारखा सडा आणि दुसरीकडं दिवसा अंधार असलेली राई, दोन्ही आपापल्या जागी जुनी. सड्यावर खड्डे मारून सिल्व्हर ओक लावला तर तो तिथं जगणार नाही पण खड्डे मारताना मातीतले कंद जातील ते जातीलच.

एमएच१०_सांगलीकर:
हे पठाराचं पटलं. आमच्या जत-आटपाडीकडं पण माळाला "पडीक" म्हणून निलगिरी आणि गिरीपुष्प लावून टाकलंय, आणि आता तिथं ना गवत ना पाखरं. मग मॅडम माळरानाच्या पण अशा खुणेच्या वनस्पती असतात का?

रानजाई_कराड:
असतात भाऊ. मूळच्या माळावर बहुवर्षायू गवतं, पवना, कुसळीचे प्रकार, आणि त्यात पावसाळ्यात डोकं काढणारे कंद. एकदा नांगरून सोडलेल्या माळावर वर्षभराची गवतं आणि तरोटा येतो, कंद येत नाहीत. तत्त्व तेच, हळू पसरणारं काय टिकलंय ते बघायचं. पण त्याच्यावर वेगळा धागा काढा, इथं पाटणकरांचा गोंधळ होईल.

बामणोली_तात्या:
पोरा, ग्रामसभेत कागद दाखव, वही वाच, सगळं कर. पण त्येच्या आदी मुंबईच्या दोघा तिघा मोठ्या माणसांना राईत घिऊन जा आन त्यो नऊ खोडांचा बुडखा दाखव. पाला त्येंनाच बाजूला करू दे. त्येंच्यातल्या कुणाचा तरी आज्जा भट्टीवर असणार, त्यो येक जरी बोलला तरी पार्किंग खाली येतंय बघ. आन देवीला कौल लावायचा रिवाज असंल तुमच्यात तर त्योबी सोडू नको.

डोंगरपाटण:
तात्या हे डोक्यातच नव्हतं आलं, बोलतो त्यांच्याशी. अध्यक्षांचे वडील आजीच्याच वयाचे आहेत, त्यांना आधी भेटतो.

वहीचं कळलं, ग्रामसेवक म्हणाले कपाटात आहे, पहिली चार पानं भरलेली आहेत आणि पाचव्या पानावर "आंबा, फणस, वड, पिंपळ" एवढंच. पुढच्या शनिवारी तीन चौकोन आखतोय, शाळेतली आठवी-नववीची पोरं येणार आहेत. ताई, दहा बाय दहाला राईत दोरी ताणायला जागाच नाही, वेलींमुळं सरळ रेष निघत नाही, काय करू?

रानजाई_कराड:
मग चौकोन सोडा. मधे एक काठी रोवा, तिला साडेपाच मीटरची दोरी बांधा आणि गोल फिरत जा, वेल आला तर दोरी वरून टाका, तोडू नका. क्षेत्रफळ साधारण तेवढंच भरतं. शेतात आणि लावलेल्या रानात पण मग गोलच घ्या, तिन्हीकडं एकच माप. आणि पोरांना पाय झाकणारी पॅन्ट आणि बूट सांगा, पाल्यात फुरसं असतं.